पक्ष बदलला तरी आमदारकी कशी टिकते? रवी नाईकांच्या कारकिर्दीतून समजून घेऊ पक्षांतरबंदी कायदा

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी रवी नाईक गेले. गोव्यातल्या फोंड्याचे ‘पात्रांव’, म्हणजे मालक. सात वेळा आमदार, एकदा खासदार, दोनदा मुख्यमंत्री आणि शेवटपर्यंत राज्याचे कृषिमंत्री. त्यानंतर त्यांच्या कारकिर्दीची जी जंत्री सगळीकडे छापून आली, ती वाचून कॉलेजात जाणारी पोरं एकच प्रश्न विचारत होती. मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष), मग काँग्रेस, मग भाजप, परत काँग्रेस, परत भाजप. आणि देशात पक्षांतरबंदी कायदा तर १९८५ पासून आहे म्हणतात. मग हे जमलं कसं?

प्रश्न रास्त आहे. त्यातली गंमत अशी की गोव्याबाहेरच्या वकिलांना रवी नाईक हे नाव माहीत असतं ते याच कायद्यामुळे. ‘रवी नाईक विरुद्ध भारत सरकार’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा निकाल. देशात कुठेही आमदार फुटले आणि प्रकरण कोर्टात गेलं की त्याचा हवाला हमखास निघतो. फोंड्यातल्या लोकांना त्यांचं राजकारण ठाऊक, वकिलांना त्यांचा खटला ठाऊक. दोन्ही एकत्र ठेवून पाहिलं तर हा कायदा कुठे चावतो आणि कुठे नुसताच गुरगुरतो, हे स्पष्ट दिसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा कायदा पक्ष सोडल्याबद्दल शिक्षा करत नाही. एकट्यादुकट्याने सोडल्याबद्दल करतो.

आधी गोव्याचं गणित

गोव्याची विधानसभा ४० जणांची. १९८७ च्या ३० मे रोजी घटक राज्य होण्याआधी, दमण आणि दीव आपल्यासोबत होते तेव्हा, ती ३० जणांची होती. आजच्या ४० जणांत बहुमताला २१ लागतात. उत्तर प्रदेशात दहा आमदार इकडचे तिकडे झाले तर बातमी आतल्या पानावर जाते. इथे दोघे हलले तरी सरकार हलतं.

हे कायदा यायच्या आधीपासूनचं आहे. १९७९ मध्ये शशिकला काकोडकरांचं मगो सरकार पडलं ते स्वतःच्याच पक्षातले आमदार फुटल्यामुळे. तेव्हा पक्षांतरबंदी नव्हतीच, त्यामुळे फुटणाऱ्यांना विचारणारं कोणी नव्हतं.

दुसरी बाजू मंत्रिपदांची. २००३ च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येवर मर्यादा घातली: सभागृहाच्या १५ टक्के. गोव्यात ४० चे १५ टक्के म्हणजे सहाच मंत्री. पण छोट्या राज्यांना सवलत म्हणून किमान १२ ची मुभा ठेवली. म्हणजे काठावरच्या, २१ जणांच्या सरकारात निम्म्याहून जास्त जण मंत्री होऊ शकतात. उरलेल्यांना महामंडळं आहेतच. विरोधी बाकावरच्या आमदाराला पाच वर्षं समोर काय दिसत असतं, याचा अंदाज यावरून करा. पक्षांतर हा स्वभावाचा दोष आहे असं आपण नाक्यावर म्हणतो. माझ्या मते अर्धा दोष या आकड्यांचा आहे.

कायदा नेमका काय म्हणतो?

१९६७ मध्ये हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने काही तासांत इतक्या वेळा पक्ष बदलला की ‘आया राम, गया राम’ हा शब्दप्रयोगच रूढ झाला. पुढे १९८५ मध्ये राजीव गांधी सरकारने ५२ वी घटनादुरुस्ती करून राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली. तोच पक्षांतरबंदी कायदा. मजकूर दोन-चार पानांचाच आहे.

त्यानुसार पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला आमदार दोन कारणांनी अपात्र ठरतो. एक, त्याने आपणहून पक्षाचं सदस्यत्व सोडलं तर. दोन, त्याने व्हीप मोडला तर. व्हीप म्हणजे सभागृहात मतदान कसं करायचं याबद्दल पक्षाने काढलेला आदेश. त्याविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी जाते. अपक्षांसाठी नियम वेगळा आहे. त्यांनी सरकारला पाठिंबा द्यावा, मंत्रीही व्हावं, पण निवडून आल्यावर कुठल्या पक्षात रीतसर प्रवेश केला तर ते अपात्र.

निर्णय कोण देणार? विधानसभेचे सभापती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे बरंच काही इथेच अडतं.

अपवाद दोन ठेवले होते. पक्षाच्या किमान एक तृतीयांश आमदारांनी वेगळा गट केला तर ती ‘फूट’, आणि फुटीला माफी. किमान दोन तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात जायला तयार झाले तर ते ‘विलीनीकरण’, त्यालाही माफी. यातली फुटीची सवलत २००३ च्या त्याच दुरुस्तीने काढून टाकली. विलीनीकरणाची आजही आहे.

१९९०: आठ जण आणि एक तृतीयांश

आता पात्रांवांकडे येऊ. १९४६ चा जन्म. भंडारी समाजाचा, एकूणच बहुजनांचा नेता म्हणून नाव झालं. १९८४ मध्ये मगोच्या सिंह चिन्हावर फोंड्यातून आमदार झाले, १९८९ मध्ये मडकईतून.

१९८९ च्या त्या निवडणुकीचा निकाल बघा: काँग्रेस २०, मगो १८, अपक्ष २. आधी प्रतापसिंह राणे यांचं काँग्रेस सरकार आलं. १९९० च्या मार्चमध्ये काँग्रेसचे सात जण बाहेर पडले, त्यांनी मगोशी हातमिळवणी केली आणि चर्चिल आलेमाव मुख्यमंत्री झाले. अठरा दिवसांसाठी. मग डॉ. लुईस प्रोतो बार्बोझा आले, ते डिसेंबरपर्यंत टिकले. त्यानंतर राष्ट्रपती राजवट. काही महिन्यांत इतके शपथविधी झाले की मागच्याचे हार सुकायच्या आत पुढचा मुख्यमंत्री.

त्याच डिसेंबरात मगोमध्ये ठिणगी पडली. रवी नाईकांसह आठ आमदारांनी आपला वेगळा गट जाहीर केला. १८ चा एक तृतीयांश म्हणजे सहा, आणि हे आठ. कागदावर हिशेब चोख. २५ जानेवारी १९९१ रोजी काँग्रेसच्या पाठिंब्यावर रवी नाईक मुख्यमंत्री झाले.

पण आठांपैकी दोघांवर, संजय बांदेकर आणि रत्नाकर चोपडेकर यांच्यावर, सभापती सुरेंद्र सिरसाट यांनी फुटीच्या आधीच अपात्रतेची कारवाई केली होती. उच्च न्यायालयाने त्या कारवाईला स्थगितीही दिली होती. पुढे फेब्रुवारी १९९१ मध्ये सभापतींनी खुद्द मुख्यमंत्र्यांनाच अपात्र ठरवलं. फूट सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मार्चमध्ये सभापतींनाच पदावरून हटवण्यात आलं. त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या उपसभापतींनी आधीचे अपात्रतेचे आदेश फिरवले. मगोचे काशिनाथ जल्मी आणि रमाकांत खलप कोर्टात गेले. मार्च १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकदा दिलेला निर्णय फिरवण्याचा अधिकार सभापतीला नाही. झालं, मूळ आदेश पुन्हा जिवंत. मे १९९३ मध्ये उच्च न्यायालयातही नाईक हरले आणि त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं.

शेवटी ९ फेब्रुवारी १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो नाईकांच्या बाजूने. बांदेकर-चोपडेकरांच्या अपात्रतेला कोर्टाची स्थगिती होती, म्हणजे त्या घडीला ते आमदारच होते. सभापतींनी त्यांना फुटीच्या हिशेबात धरायलाच हवं होतं. कोर्टाची स्थगिती सभापतींनाही बांधते. नाईकांची अपात्रता रद्द झाली.

एप्रिलमध्ये राज्यपालांनी, नाईकांनंतर मुख्यमंत्री झालेल्या डॉ. विल्फ्रेड डिसोझा यांचं सरकार बरखास्त करून नाईकांना पुन्हा शपथ दिली. हा दुसरा कार्यकाळ सहा दिवस चालला आणि डिसोझा परत खुर्चीवर आले. अपात्र ठरवलं जाणं चूक होतं, हे कळायला आमदाराला तीन वर्षं लागली. मधल्या काळात मुख्यमंत्रिपद गेलं ते गेलंच. कायद्याने दिलेला न्याय आणि राजकारणाचं घड्याळ यांचा ताळमेळ तेव्हाही नव्हता.

‘पण मी राजीनामा दिलाच नाही!’

त्याच निकालाचा दुसरा भाग जास्त गाजला. बांदेकर आणि चोपडेकर यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही पक्षाचा राजीनामा दिलेला नाही, मग आम्ही पक्ष सोडला असं कसं म्हणता? ते दोघे बहुमताचा दावा करायला गेलेल्या विरोधी गटाच्या नेत्यांसोबत राज्यपालांकडे गेले होते. सही-शिक्क्याचा राजीनामा मात्र कुठेच नव्हता.

समजा तुम्ही गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवता. वहीत तुमचं नाव आहे, वर्गणी भरलेली आहे. पण भजन स्पर्धेच्या दिवशी तुम्ही शेजारच्या गावच्या मंडळात, त्यांचा फेटा बांधून, त्यांच्या गायकाला साथ करत बसलात. उद्या तुमच्या मंडळाच्या अध्यक्षाने तुमचं नाव काढलं तर ‘मी राजीनामा कुठे दिलाय?’ म्हणून भांडता येईल? वहीतलं नाव खरं की मांडवात समोर दिसतंय ते खरं?

न्यायालय म्हणालं, मांडवातलं. पक्षाचं सदस्यत्व आपणहून सोडणं म्हणजे फक्त राजीनामा नव्हे, त्याचा अर्थ त्याहून व्यापक आहे. राजीनामा न देताही आमदाराच्या वागण्यावरून त्याने पक्ष सोडला असा निष्कर्ष काढता येतो. दोघांची अपात्रता कायम राहिली. म्हणजे एकाच निकालात, एकाच गटातले नाईक सुटले आणि दोघे अडकले. फरक काय? नाईक ‘फुटी’च्या आडोशाला उभे होते. हे दोघे त्याआधीच, गट जमण्यापूर्वी, दोघेच चालत गेले होते.

आमदार आज विरोधकांच्या व्यासपीठावर दिसला की ‘वागण्यावरून पक्ष सोडला’ असा अर्ज सभापतींकडे जातो, तो याच निकालाच्या जोरावर.

सभापतीच पक्षाचा असेल तर?

वाचकांचा पुढचा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतो. निवाडा देणारा सभापती सत्ताधारी पक्षाचा, त्यालाही पुढच्या वेळी तिकीट हवं असतं. तो कशाला आपल्याच सरकारची खुर्ची हलवेल?

बरोबर आहे. मूळ कायद्यात तर असंही लिहिलं होतं की सभापतींच्या निर्णयात कोर्टाने पडायचं नाही. १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. सभापतींनी निर्णय दिल्यावर त्याची छाननी कोर्ट करू शकतं, असं ठरलं. न्यायमूर्तींमध्ये तीन विरुद्ध दोन असा मतभेद होता, आणि दोघांचं मत असं होतं की हा अधिकार सभापतीकडे असणंच चूक. गोव्यातला १९९० चा अनुभव पाहिला तर मला त्या दोघांचं जास्त पटतं. त्या मार्चमध्ये काँग्रेसमधून बाहेर पडणाऱ्यांमध्ये विधानसभेचे सभापतीच होते: डॉ. बार्बोझा, जे पुढच्या महिन्यात मुख्यमंत्री झाले.

पण ‘निर्णय दिल्यावर’ या शब्दांत मेख आहे. निर्णय दिलाच नाही तर? १० जुलै २०१९ रोजी काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले. त्यांच्याविरुद्धच्या याचिकांवर सभापतींचा निकाल आला २० एप्रिल २०२१ रोजी, याचिका फेटाळणारा. त्यावर उच्च न्यायालयाचा निकाल आला २४ फेब्रुवारी २०२२ रोजी. पुढच्या विधानसभेचं मतदान १४ फेब्रुवारीलाच उरकलं होतं. मतपेट्या सीलबंद झाल्यावर जुन्या सभागृहाचा आमदार पात्र होता की अपात्र, हे कळून कोणाचं काय भलं झालं असतं?

२०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सभापतींनी साधारण तीन महिन्यांत निकाल द्यायला हवा. जुलै २०२५ मध्ये तेलंगणच्या प्रकरणात तीन महिन्यांची मुदतच घालून दिली, आणि हे काम सभापतींकडे ठेवावं का याचा संसदेने विचार करावा असंही सुचवलं. संसदेने अजून तरी कायद्याला हात लावलेला नाही.

फूट बंद, विलीनीकरण चालू

२००३ मध्ये एक तृतीयांशाची सवलत गेली तेव्हा वाटलं होतं की पक्षांतर थांबेल. झालं असं की संख्या वाढली. पूर्वी तिघांत एक जण फोडावा लागायचा, आता तिघांत दोघे फोडावे लागतात. छोट्या गटात हे किती सोपं आहे ते मगोने अनुभवलं.

२०१७ मध्ये मगोचे तीन आमदार निवडून आले. मार्च २०१९ मध्ये मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर वारले आणि मध्यरात्रीनंतर प्रमोद सावंत यांचा शपथविधी झाला. आठवडाभराने, २७ मार्चला, पुन्हा मध्यरात्रीनंतरच, मगोचे दोन आमदार, मनोहर आजगावकर आणि दीपक पाऊसकर, पत्र घेऊन गेले: मगोचा विधिमंडळ गट भाजपमध्ये विलीन झाला आहे. उरले एकटे सुदिन ढवळीकर. उपमुख्यमंत्री असलेले ढवळीकर त्याच दिवशी मंत्रिमंडळातून गेले. तीनपैकी दोन म्हणजे बरोबर दोन तृतीयांश, एक मत इकडे नाही की तिकडे नाही.

आता सांगा, मगो पक्ष विलीन झाला का? पक्ष जागच्या जागी होता. सिंह चिन्ह होतं, कार्यकारिणी होती, कार्यकर्ते होते. २०२२ मध्ये मगोने निवडणूकही लढवली. विलीन झाला तो दोन आमदारांचा कागदी गट. दहाव्या अनुसूचीत ‘मूळ पक्ष’ विलीन होण्याची भाषा आहे, पण पुढच्याच उपकलमात म्हटलंय की दोन तृतीयांश आमदार तयार असतील तर विलीनीकरण झालं असं मानायचं. यातलं पहिलं वाक्य महत्त्वाचं की दुसरं, हा वकिलांचा आवडता वाद. उच्च न्यायालयाने २०२२ च्या निकालात दुसऱ्या वाक्याला कौल दिला: दोन तृतीयांश आमदारांची तयारी पुरेशी आहे, खाली मूळ पक्ष विलीन झाला की नाही हे वेगळं सिद्ध करायची गरज नाही. मला हा अर्थ मूळ हेतूच्या उलट वाटतो. पण शब्द तसे वाचता येतात हेही खरं, आणि तसे शब्द लिहिणारी संसद आहे, न्यायाधीश नव्हेत.

जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे गेले ते १५ पैकी दहा. पुन्हा नेमके दोन तृतीयांश. विरोधी पक्षनेते चंद्रकांत कवळेकर तीन दिवसांत उपमुख्यमंत्री झाले. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देऊळ, खुरीस (क्रूस) आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. निवडून आले ११. त्यातले आठ १४ सप्टेंबर २०२२ रोजी भाजपमध्ये गेले, दिगंबर कामत आणि मायकल लोबो धरून. देवाला विचारूनच निर्णय घेतला, असं कामत म्हणाले. ११ चे दोन तृतीयांश म्हणजे साडेसातच्या खाली, म्हणून आठ. देवाने गणित बरोबर सांगितलं होतं.

राजीनामा देऊन गेलं तर?

ही वाट पूर्ण कायदेशीर आहे. आमदारकीचा राजीनामा द्या, दुसऱ्या पक्षात जा, पोटनिवडणूक लढवा. लोकांनी पुन्हा निवडलं तर कोणाची ना नाही.

१६ मार्च २०१७ रोजी पर्रीकर सरकारने विश्वासदर्शक ठराव २२ विरुद्ध १६ ने जिंकला, तेव्हा काँग्रेसचे विश्वजित राणे मतदान न करता सभागृहाबाहेर पडले आणि आमदारकी सोडली. पुढे वाळपईतून भाजपच्या तिकिटावर निवडून आले. २०१८ मध्ये सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे यांनीही राजीनामे दिले, २०१९ मध्ये शिरोडा आणि मांद्रेत पोटनिवडणुका जिंकल्या.

याला आक्षेप घेतला जातो की पोटनिवडणुकीचा खर्च जनतेच्या माथी आणि सत्ताधारी उमेदवाराला यंत्रणेचं बळ. दोन्ही खरं. तरीही मध्यरात्रीच्या पत्रापेक्षा हे शंभर पटींनी बरं. यात निदान मतदाराला एकदा विचारलं जातं.

रवी नाईकांची शेवटची उडी याच जातीची होती. २००० मध्ये ते पर्रीकरांच्या सरकारात उपमुख्यमंत्री होते, २००२ मध्ये पुन्हा काँग्रेसचे आमदार, दिगंबर कामत मुख्यमंत्री असताना गृहमंत्री. २०१२ मध्ये हरले. २०१७ मध्ये काँग्रेसकडून फोंडा परत जिंकलं. २०१९ मध्ये दहा जण गेले तेव्हा ते गेले नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये, निवडणूक दोन महिन्यांवर असताना, आमदारकी सोडून भाजपमध्ये गेले. अशा वेळी पोटनिवडणूकही होत नाही, कारण सार्वत्रिक निवडणूकच दारात असते. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण स्वच्छ. ज्या माणसाच्या नावावर हा कायदा शिकवला जातो, त्याला मुदतीचा शेवटचा टप्पा किती सुरक्षित असतो हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

‘मतदारांनाच चालतं, मग कायदा कशाला?’

हा आक्षेप वारंवार येतो, आणि तो अर्धवट माहितीवर उभा आहे. २०१९ मध्ये विलीनीकरणाच्या मार्गाने भाजपमध्ये गेलेले एकूण १२: काँग्रेसचे दहा, मगोचे दोन. त्यातले २०२२ मध्ये निवडून आले किती? तीन. बाबूश मोन्सेरात, जेनिफर मोन्सेरात आणि नीळकंठ हळर्णकर. कवळेकर केप्यात हरले, आजगावकर मडगावात. गोव्याचा मतदार विसरतो असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा. फक्त त्याला हिशेब चुकता करायला अडीच वर्षं थांबावं लागलं, आणि त्या अडीच वर्षांत मंत्रिपदं भोगून झाली होती. कायद्याची गरज असते ती त्या मधल्या काळासाठी.

मग पात्रांव कसे तरले? जेमतेम. २०२२ मध्ये फोंड्यात मगोच्या केतन भाटीकरांना त्यांनी हरवलं ते ७७ मतांनी. ७७ म्हणजे एका वाड्यावरच्या पंधरा-वीस घरांची मतं. पण ती मिळाली, आणि त्यालाही कारण आहे. गोव्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार आणि ४० मतदारसंघ, म्हणजे एका आमदारामागे सरासरी तीसेक हजारांच्या आतच. एवढ्या छोट्या मतदारसंघात आमदार हा पक्षाचा प्रतिनिधी कमी आणि ओळखीचा माणूस जास्त असतो. कुळाचा दाखला अडला, मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याच्या) घराचं प्रकरण मामलेदाराकडे पडून राहिलं, पोराला सरकारी नोकरीचा कॉल आला नाही, की लोक फाईल काखोटीला मारून सकाळी सातला आमदाराच्या अंगणात हजर. खडपाबांधला पात्रांवांकडे जाणाऱ्या माणसाला त्यांच्या दारावर कमळ आहे की हात, याचं सोयरसुतक नसायचं. चिन्ह बदललं तरी माणूस तोच.

यात मतदाराचं चुकतं असं मी म्हणणार नाही. कचेरीतलं काम वेळेवर आणि ओळखीशिवाय झालं असतं, तर पक्ष पाहून मत देणं त्यालाही परवडलं असतं.

मग विलीनीकरणाचं कलमच काढून टाका की!

सूचना नवी नाही. विधी आयोगाने १९९९ मध्येच म्हटलं होतं की फूट आणि विलीनीकरण, दोन्ही अपवाद काढा. संसदेने २००३ मध्ये निम्मं ऐकलं.

याच्या उलट बाजूलाही मुद्दा आहे आणि तो हलका नाही. सगळेच अपवाद काढले तर आमदार पक्षश्रेष्ठींच्या पूर्ण मुठीत जाईल. आजच व्हीपमुळे त्याला खाणकामाच्या विधेयकावर किंवा जमीन रूपांतराच्या दुरुस्तीवर मतदारसंघाच्या बाजूने मत देता येत नाही. दिल्लीहून आलेला आदेश पर्वरीत, म्हणजे गोव्याच्या विधानसभेत, पाळायचा. ज्या आमदाराला पक्षाचं धोरण खरोखर पटत नाही आणि ज्याला फक्त मंत्रिपद हवंय, त्या दोघांना हा कायदा एकाच काठीने हाकतो. १९९० मध्ये निवडणूक सुधारणांवर विचार करणाऱ्या दिनेश गोस्वामी समितीने यावर मधला मार्ग सुचवला होता: व्हीप मोडल्याबद्दलची अपात्रता विश्वास किंवा अविश्वास ठरावासारख्या मतदानापुरतीच ठेवा, बाकी विधेयकांवर आमदाराला मोकळं सोडा. आणि अपात्रतेचा निर्णय सभापतींऐवजी निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने राज्यपालांनी द्यावा. निवडणूक आयोगाच्या सल्ल्यापर्यंत मला हे पटतं. राज्यपालांबद्दल मात्र, एप्रिल १९९४ चे सहा दिवस आठवले की, हात आखडतो.

दोन्ही एकत्र केलं तर काय होईल? विलीनीकरण बंद, पण व्हीपही सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरताच. मग आमदाराला सरकारवर टीका करता येईल, विधेयकाविरुद्ध मत देता येईल, पण सरकार बदलायचं असेल तर आधी आपली जागा सोडून मतदाराकडे यावं लागेल. २०१९ चे बारा जण या नियमाखाली गेले असते तर बारा पोटनिवडणुका लागल्या असत्या. त्यातले किती जण मुळात निघाले असते, याचा अंदाज २०२२ च्या निकालावरून प्रत्येकाने बांधावा.

सध्याच्या कायद्यात मात्र हिशेब अजून तसाच चालतो. आठ जण गेल्यावर २०२२ मध्ये काँग्रेसकडे तीन आमदार उरले: युरी आलेमाव, आल्टन डिकॉस्ता, कार्लोस फरेरा. तिघांचे दोन तृतीयांश म्हणजे दोघे.